स्वयंचलित मीटर वाचन

स्वयंचलित मीटर वाचन ही वीज, पाणी व गॅस यांच्या मीटरमधील नोंदी ग्राहकाच्या घरी न जाता दूरसंचाराद्वारे मिळवण्याची पद्धत होय. तिच्यामुळे बिल अंदाजित सरासरीऐवजी प्रत्यक्ष वापरावर आकारता येते.

इतिहास
थिओडोर पारास्केवाकोस यांनी १९७२ मध्ये अमेरिकेतील हंट्सव्हिल येथे बोइंग कंपनीत काम करताना मीटर वाचनास उपयोगी अशी अंकीय संदेशयंत्रणा विकसित केली. १९७७ मध्ये त्यांनी मेट्रेटेक ही कंपनी स्थापन केली. भारतात २०२१ च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेत २५ कोटी स्मार्ट मीटरांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

कार्यपद्धती
मीटरला जोडलेले उपकरण रेडिओ लहरी, मोबाइल जाळे किंवा विजेच्या तारांमार्फत नोंद पाठवते. पाणी व गॅसच्या मीटरवरील उपकरण सहसा बॅटरीवर चालते. ती दीर्घकाळ टिकावी म्हणून संदेश अगदी थोडा वेळच पाठवला जातो. मूळ पद्धतीत माहिती एकाच दिशेने जाते. स्मार्ट मीटरमध्ये ती दुतर्फा वाहते. त्यामुळे वीजपुरवठा दुरून खंडितही करता येतो.

आक्षेप
मासिक नोंदीतून केवळ एकूण वापर कळतो. दर पंधरा मिनिटांच्या किंवा अर्ध्या तासाच्या नोंदींवरून मात्र घरातील माणसे केव्हा बाहेर जातात, केव्हा झोपतात, याचाही अंदाज बांधता येतो. खासगीपणाच्या याच मुद्द्यावरून नेदरलँड्सच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये स्मार्ट मीटरची सक्ती अमान्य केली. पुढे तेथील कायद्यात ग्राहकाला नकाराचा अधिकार देण्यात आला.