नदीवाचून वसलेले गाव

गावे नदीकाठी वसतात; बंगळूर तळ्यांकाठी वसले. १५३७ साली येलहंकेच्या केंपेगौडाने येथे पेठ वसविली व पाण्यासाठी धर्मांबुधीसारखी तळी बांधविली. त्याच तळ्याच्या जागी आज बसस्थानक आहे. १६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने हे गाव जिंकले आणि ते शहाजीराजांकडे आले. म्हणजे राजेही येथे चाकरीनिमित्तच आले. गाव शतकभर आधीच नांदत होते! त्यांच्या दरबारातील अनेकभाषी कवींचे वर्णन जयराम पिंड्ये याने 'राधामाधवविलासचंपू'त केले आहे. १६८७ साली भोसल्यांचा अंमल सरला, चंपू उरला. बदलीवर आलेले आम्हीही परक्यांनी साठविलेल्या पाण्यावरच राहिलो. आमच्यामागे येथे काय उरेल?