लॅपटॉपचे नेटवर्क कार्ड कोणी मारले? २००८ सालचे एक प्रकरण

१/
सप्टेंबर २००८. लिनक्स कर्नलच्या २.६.२७ या आवृत्तीची चाचणी चालू होती. त्याच सुमारास काही परीक्षकांच्या लॅपटॉपवर विलक्षण प्रकार घडू लागला. केबलने जोडायचे नेटवर्क कार्ड अचानक निकामी होई आणि जुनी, चांगली चालणारी आवृत्ती पुन्हा बसवली तरी ते जागे होत नसे. आजचा थ्रेड या प्रकरणाच्या उलगड्याचा.

२/
ड्रायव्हर हा हार्डवेअर आणि कर्नल यांच्यामधला दुभाषा. तो कोसळला तर संगणक पुन्हा सुरू करावा, बहुधा सारे पूर्वपदावर येते. येथे मात्र सॉफ्टवेअरच्या चुकीची जखम प्रत्यक्ष यंत्रावर उमटत होती. आपल्याच खर्चाने घेतलेल्या लॅपटॉपवर चाचणी करणाऱ्यांसाठी ही साधी गोष्ट नव्हती.

३/
बाधित कार्डे इंटेलच्या ८२५६६ आणि ८२५६७ या मालिकांतली. त्यांचा ड्रायव्हर ‘ई१०००ई’. अशा कार्डाची ओळख आणि मांडणी एका लहानशा फ्लॅश मेमरीत लिहिलेली असते. वीज गेली तरी तो मजकूर टिकतो. त्याच्या खरेपणाची खूण म्हणून सोबत एक बेरीज, म्हणजे चेकसम, ठेवलेली असते. ड्रायव्हर आधी ही बेरीज पडताळतो. ती जुळली नाही तर कार्ड सुरू करण्यास नकार देतो. बाधित लॅपटॉपमध्ये हा मूळ मजकूरच बिघडला होता.

४/
साहजिकच पहिला संशय ई१०००ई वर आला. कार्ड त्याचे, फ्लॅशपर्यंत पोहोचण्याची वाटही त्याचीच. त्याच्या कोडची कसून झडती झाली. एकाच वेळी दोघांनी फ्लॅशला हात घालू नये यासाठीच्या बंदोबस्तात काही उणिवा सापडल्या, त्या दुरुस्तही झाल्या. ग्राफिक्सच्या ड्रायव्हरकडेही बोट दाखवले गेले. खरा अपराधी मात्र हाती लागेना.

५/
तपासातली अडचण समजून घेण्याजोगी आहे. दोष नेमका कोणत्या बदलाने आला हे शोधण्याची रूढ रीत म्हणजे दुभाजन : सर्व बदलांचा मधला टप्पा घ्यायचा, चाचणी करायची, मग उरलेल्यांचा पुन्हा मध्य काढायचा. पण येथे प्रत्येक यशस्वी चाचणीची किंमत एक कार्ड होती! म्हणून आधी संरक्षणाचा उपाय झाला. इंटेलच्या अभियंत्यांनी ड्रायव्हर सुरू होतानाच फ्लॅशवर लिहिण्यास कुलूप घालणारा बदल तयार केला. ९ ऑक्टोबर २००८ रोजी २.६.२७ प्रसिद्ध झाली, ती या कुलपासह.

६/
अखेर माग निघाला तो भलत्याच दाराशी. स्टीव्हन रोस्टेड्ट यांनी लिहिलेली ‘एफट्रेस’ ही सोय याच आवृत्तीत नव्याने आली होती. कर्नलमधले कोणते फंक्शन केव्हा चालते याची नोंद ठेवणे हे तिचे काम. नेटवर्कशी तिचा काहीही संबंध नव्हता.

७/
एफट्रेससाठी प्रत्येक फंक्शनच्या आरंभी नोंदीची एक हाक पेरलेली असे. नोंद नको असेल तेव्हा कर्नलचा वेग मंदावू नये म्हणून त्या हाकेच्या जागी ‘काहीच करू नका’ अशी सूचना लिहिली जाई. त्यासाठी अशा जागांचे पत्ते जमवले जात आणि पार्श्वभूमीत चालणारे एक काम थोड्या थोड्या वेळाने येऊन त्यांत बदल करी.

८/
गफलत इथे झाली. काही फंक्शने केवळ आरंभी लागतात. काम झाले की त्यांची जागा रिकामी केली जाते. यादीत पत्ता तसाच राहिला आणि त्या पत्त्यावर दुसरेच कोणी राहायला आले. वाड्यातल्या खोलीचा भाडेकरू बदलावा आणि गवंड्याने जुनी यादी घेऊन भिंत फोडायला यावे, तसे. दुर्दैवाने काही ३२ बिट यंत्रांवर हा नवा भाडेकरू होता कार्डाच्या फ्लॅशचे नियंत्रण.

९/
एफट्रेस बेसावध होते असे नाही. ‘अपेक्षित हाक तिथे असेल तरच बदल कर’ अशी दक्षता त्यात होती. परंतु त्यासाठी वापरलेली प्रोसेसरची सूचना तुलना फसली तरी वाचलेले मूल्य त्याच जागी परत लिहिते. साध्या मेमरीत याने काही बिघडत नाही. हार्डवेअरच्या नियंत्रणाच्या जागी मात्र लिहिणे हीच आज्ञा ठरू शकते. दक्षतेसाठी घेतलेले हत्यारच उलटले.

१०/
त्याच महिन्यात आलेल्या २.६.२७.१ मध्ये एफट्रेसचा हा भाग बंद करण्यात आला. २.६.२८ मध्ये त्याची मांडणी बदलली : हाकांच्या जागा चालत्या कर्नलमध्ये गोळा करण्याऐवजी कोड संकलित होतानाच नोंदवल्या जाऊ लागल्या.

११/
त्या काळातले लॅपटॉप आज जुन्या बाजारात मिळतात आणि हौशी मंडळी त्यांत पुन्हा प्राण फुंकतात. तुम्हीही त्यांपैकी असाल तर कार्ड धडधाकट असतानाच ‘ईथटूल’ने त्याच्या फ्लॅशमधील मजकुराची प्रत काढून ठेवा. मूळ मजकूर हाती असेल तरच बिघडलेला मजकूर पूर्ववत करण्याची आशा राहते.

१२/
इतिहासाच्या अभ्यासकाला हे प्रकरण ओळखीचे वाटेल. प्रेत ज्याच्या अंगणात सापडले त्याच्यावर आळ आला. वार झाला होता दुसरीकडून, तोही द्वेषाविना, एका जुन्या यादीवर विश्वास ठेवल्यामुळे. साधन कितीही अस्सल असो, ते कोणत्या क्षणाचे आहे हे विचारल्याखेरीज त्याच्या आधारे पाऊल टाकू नये.