तेरा सामने जिंकले, तरी दाराबाहेर: फ्लोरिडा स्टेट आणि एसीसीची भाऊबंदकी

आजचा विषय अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा आहे. हे ऐकून निम्मे श्रोते दुसरा भाग लावतील याची मला कल्पना आहे, पण जरा थांबा. या गोष्टीत फुटबॉल कमी आणि भाऊबंदकी जास्त आहे. दोन राज्यांतली दोन न्यायालयं आहेत, ५७ कोटी डॉलरचा आकडा आहे, आणि या सगळ्याच्या मुळाशी एका पोराचा मोडलेला पाय आहे. ज्यांची मुलं-भाचरं तिकडे शिकायला आहेत, त्यांना शनिवारी रात्री फोन लावल्यावर मागून जो गलका ऐकू येतो, तो कशाचा असतो हेही आज कळेल.

सुरुवात ३ डिसेंबर २०२३ या रविवारपासून करू. त्या दिवशी चार संघांची नावं जाहीर होणार होती. देशातले सर्वोत्तम चार संघ, आणि त्यांच्यात राष्ट्रीय विजेतेपदाची झुंज. फ्लोरिडा राज्याची राजधानी टॅलाहासी, तिथलं फ्लोरिडा स्टेट विद्यापीठ. त्यांचा संघ तेराच्या तेरा सामने जिंकून बसला होता. आदल्याच रात्री त्यांनी लुईव्हिलला १६-६ असं हरवून आपल्या गटाचं, म्हणजे एसीसीचं अजिंक्यपद घेतलं होतं. पडद्यावर नावं आली: मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास, अलाबामा. फ्लोरिडा स्टेट पाचवं. टेक्सास आणि अलाबामा प्रत्येकी एक सामना हरलेले, आणि हे एकही न हरलेले. मोठ्या गटाचा अपराजित विजेता चारांत न घेण्याची ही पहिलीच वेळ.

कारण काय दिलं? १८ नोव्हेंबरला नॉर्थ अलाबामाविरुद्धच्या सामन्यात त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिस याचा पाय मोडला होता. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातून सगळा खेळ सुरू होतो तो. निवड समितीचं म्हणणं असं की तो नसताना हा संघ तोच संघ राहिला नाही. नियमावलीत महत्त्वाच्या खेळाडूच्या गैरहजेरीचा विचार करायची मुभा होती, हे खरं. पण ट्रॅव्हिस नसतानाही ते फ्लोरिडा विद्यापीठाशी जिंकले होते, लुईव्हिलशी जिंकले होते. मग जिंकायचं तरी कशासाठी, हा चाहत्यांचा प्रश्न होता, आणि मला तो अजूनही बिनतोड वाटतो. ट्रॅव्हिसनं त्या दिवशी जाहीरपणे लिहिलं की पाय हंगामात आणखी आधी मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे बाकीचा संघ किती चांगला आहे ते लोकांना दिसलं असतं. टॅलाहासीतल्या लोकांच्या जिव्हारी लागलं ते हे. बाय द वे, त्या समितीचे अध्यक्ष बू कॉरिगन होते, नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे क्रीडा संचालक. तेही एसीसीतलंच विद्यापीठ. घरचाच माणूस!

आता हे एसीसी काय प्रकरण आहे ते बघू, कारण त्याशिवाय पुढचा खटला कळणार नाही.

कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांचा गट. एकमेकांशी खेळायचं, पैसा वाटून घ्यायचा. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, थोडक्यात एसीसी, १९५३ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोत जन्माला आली. सात विद्यापीठं जुन्या सदर्न कॉन्फरन्समधून फुटून निघाली. म्हणजे या घराचा पायाच मुळी वेगळं निघण्यावर घातलेला. तेव्हा टीव्हीचा पैसा हा मुद्दा नव्हता. तो मुद्दा १९८४ साली झाला. तोवर कुणाचा सामना टीव्हीवर किती वेळा दाखवायचा हे एनसीएए ही देशव्यापी संस्था ठरवायची. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला, आणि सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी ती पद्धत मक्तेदारीविरोधी कायद्याखाली मोडीत काढली. विरोधी मत लिहिलं ते न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी, जे स्वतः तरुणपणी कोलोरॅडो विद्यापीठाचे नावाजलेले फुटबॉलपटू होते. त्यांना वाटलं होतं की बाजार एकदा मैदानात शिरला की विद्यापीठाचा खेळ विद्यापीठाचा राहणार नाही. हरलेलं मत चाळीस वर्षांनी वाचताना कधीकधी अंगावर काटा येतो तो असा.

फ्लोरिडा स्टेट या घरात उशिरा आलं. १९४७ पर्यंत ते फक्त मुलींचं कॉलेज होतं, फुटबॉल त्याच वर्षी सुरू झाला. १९७६ मध्ये बॉबी बाउडन प्रशिक्षक म्हणून आले आणि पुढची चौतीस वर्षं राहिले. मैदानाच्या मधोमध घोड्यावरून येऊन पेटता भाला रोवणारा ओसिओला, फ्लोरिडाच्या सेमिनोल जमातीच्या संमतीनं घेतलेलं ते नाव आणि ते रूप, हे सगळं त्याच काळात रुजलं. १९९० साली त्यांच्यासमोर दोन दारं उघडी होती: एसईसी, जिथे दर शनिवारी तगडा पैलवान समोर, आणि एसीसी, जिथे मुख्य प्रेम बास्केटबॉलवर. त्यांनी एसीसी निवडली. हिशेब बरोबर निघाला. १९९२ पासून सलग नऊ वर्षं गटाचं अजिंक्यपद त्यांच्याकडे, काही वेळा वाटून, पण त्यांच्याकडेच. गटातला पहिला पराभव व्हायला नोव्हेंबर १९९५ उजाडावा लागला, तोही व्हर्जिनियाकडून. त्या पिढीतले चाहते आज साठीत आहेत, आणि "आपण चुकीच्या घरात आलो" असं म्हणणाऱ्यांत तेच पुढे आहेत! तेव्हा सोपा रस्ता गोड लागला होता, हे सोयीनं विसरतात.

मग करार. २०१२ साली मेरीलँडनं एसीसी सोडायचं ठरवलं. गटानं त्यांच्यावर बाहेर पडण्याच्या दंडासाठी दावा लावला, ५ कोटी २० लाख डॉलरचा, आणि २०१४ मध्ये ३ कोटी १० लाखांच्या आसपास तडजोड झाली. मधल्या काळात बाकीच्यांनी धसका घेतला. पुन्हा कुणी उठून जाऊ नये म्हणून एप्रिल २०१३ मध्ये सगळ्यांनी एक कागद केला, ग्रँट ऑफ राइट्स. म्हणजे काय, तर आमच्या घरच्या मैदानावरच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क आम्ही गटाच्या नावावर करून देतो, आम्ही निघून गेलो तरी ते गटाकडेच राहतील. शेत तुमचं, राबणार तुम्ही, पण पीक वीस-पंचवीस वर्षं दुसऱ्याच्या खळ्यावर. २०१६ मध्ये ईएसपीएननं एसीसीची स्वतंत्र वाहिनी काढायचं कबूल केलं, आणि त्या बदल्यात हा कागद २०३६ पर्यंत लांबवला. दोन्ही वेळा फ्लोरिडा स्टेटच्या अध्यक्षांनी सही केली. कुणी पिस्तूल लावलं नव्हतं.

तेव्हा दीर्घ करार म्हणजे सुरक्षितता वाटत होती. पण शेजारच्या दोन गटांनी, एसईसी आणि बिग टेन यांनी, नंतर इतके मोठे सौदे केले की फेब्रुवारी २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटचे क्रीडा संचालक मायकल आल्फर्ड यांनी विश्वस्तांसमोर आकडा मांडला: दरवर्षी सुमारे ३ कोटी डॉलरची तफावत पडणार. ऑगस्टमध्ये विद्यापीठाचे अध्यक्ष उघड म्हणाले की पैशाची वाटणी बदलली नाही तर आम्हाला सोडून जाण्याचा गंभीर विचार करावा लागेल. सप्टेंबरमध्ये एसीसीनं स्टॅनफर्ड, कॅलिफोर्निया (बर्कली) आणि डॅलसचं एसएमयू यांना आत घेतलं. अटलांटिक किनाऱ्याच्या गटात पॅसिफिक किनाऱ्याची दोन विद्यापीठं! फ्लोरिडा स्टेट, क्लेमसन आणि नॉर्थ कॅरोलायना यांनी विरोधी मत दिलं, पण ते पुरलं नाही.

तारखा बघा, म्हणजे लक्षात येईल. भांडण डिसेंबरच्या त्या रविवारी सुरू झालं नाही. लाकडं रचून ठेवलेली होती, त्या रविवारी काडी पडली. विश्वस्तांना जे एरवी समजावून सांगायला दोन वर्षं लागली असती, ते चाहत्यांना एका सकाळीत पटलं: एसीसीत राहिलो तर तेरापैकी तेरा जिंकूनही उपयोग नाही.

गव्हर्नर डिसँटिस यांनी खटल्यासाठी अर्थसंकल्पात १० लाख डॉलरची तरतूद सुचवली. सिनेटर रिक स्कॉट यांनी समितीला पत्र लिहून कागदपत्रं मागितली. राज्याच्या ॲटर्नी जनरलनी चौकशी सुरू केली. चाहत्यांचा सगळ्यात मोठा राग मात्र ईएसपीएनवर होता. प्लेऑफ दाखवणारी वाहिनी तीच, एसीसीची मालवाहू तीच, आणि २०२४ पासून एसईसीचे सगळे सामनेही तिच्याकडेच जाणार. अलाबामा एसईसीतलं. यावरून लोकांनी जो निष्कर्ष काढला त्याला पुरावा कुणी दिला नाही, पण संशय यायला वेगळा पुरावा लागत नाही. गंमत म्हणजे एसीसीचे आयुक्त जिम फिलिप्स यांनीही समितीवर जाहीर टीका केली होती. तीन आठवड्यांनी तेच प्रतिवादी.

२२ डिसेंबरला विश्वस्तांची तातडीची बैठक होती. सरकारी विद्यापीठ, त्यामुळे सूचना आधी जाहीर करावी लागते. एसीसीनं ती वाचली आणि २१ तारखेलाच नॉर्थ कॅरोलायनातल्या मेक्लेनबर्ग काउंटीत आपला दावा दाखल करून टाकला. दुसऱ्या दिवशी विश्वस्तांनी एकमतानं ठराव केला आणि टॅलाहासीत, लिऑन काउंटीत, उलट दावा दाखल झाला. त्यात बाहेर पडण्याचा एकूण खर्च मांडला होता ५७ कोटी २० लाख डॉलर: १३ कोटी दंड, ४२ कोटी ९० लाख गमावलेल्या हक्कांचे, आणि उरलेले किरकोळ. किरकोळ म्हणजे १ कोटी ३० लाख!

३० डिसेंबरला ऑरेंज बोल झाला. दोन डझनांहून अधिक खेळाडू उतरलेच नाहीत, आणि जॉर्जियानं ६३-३ असं धुतलं. समितीचे पाठीराखे म्हणाले, बघा, आम्ही सांगत होतो. चाहते म्हणाले, घर पेटवून दिल्यावर भिंती काळ्या झाल्या म्हणून हसता काय. मला दुसरी बाजू जास्त पटते, पण स्कोअर स्कोअर असतो, तो पुसला जात नाही.

यानंतरचं वर्ष वकिलांचं. शनिवारी डावपेचांवर वाद घालणारी माणसं अधिकारक्षेत्र, राज्याची सार्वभौम प्रतिरक्षा असले शब्द वापरायला लागली. नॉर्थ कॅरोलायनाचं न्यायालय म्हणजे परक्याचं मैदान, लिऑन काउंटी म्हणजे घरचं. फ्लोरिडा स्टेटचा एक मुद्दा असा होता की आम्ही फ्लोरिडा राज्याची संस्था, दुसऱ्या राज्यात आमच्यावर दावा चालतोच कसा? एप्रिल २०२४ मध्ये तिथले न्यायाधीश ब्लेडसो यांनी तो मान्य केला नाही, एसीसीचा दावा चालू राहिला. घरच्या मैदानावरही लगेच जल्लोष करता आला नाही: न्यायाधीश कूपर यांनी आधी दावा दुरुस्त करून आणायला सांगितलं, आणि जूनमध्ये तो पुढे चालवू दिला. मार्चमध्ये क्लेमसननंही साउथ कॅरोलायनात वेगळा दावा लावला होता. तीन राज्यं, एक कागद. त्यातला ईएसपीएनचा करार इतका गुप्त की फ्लोरिडाच्या ॲटर्नी जनरलना तो सार्वजनिक व्हावा म्हणून वेगळा दावा लावावा लागला. सरकारी विद्यापीठाचा पुढच्या बारा वर्षांचा पैसा ज्यावर ठरतो तो कागद, आणि ज्यांच्या करातून विद्यापीठ चालतं त्यांना तो वाचता येत नाही! या एका मुद्द्यावर चाहत्यांचा राग मला पूर्णपणे रास्त वाटतो, बाकीच्यांवर थोडा कमी.

कारण दुसरी बाजूही होती ना. वेक फॉरेस्टसारख्या छोट्या विद्यापीठाच्या चाहत्याच्या जागी बसून बघा. त्याचा संघ कुठल्याच श्रीमंत गटाला नको आहे. थोरल्या भावानं वाटणी मागितली की धाकट्याच्या वाट्याला काय येतं हे त्याला नेमकं माहीत होतं. त्याचं म्हणणं साधं होतं: सही केली होतीत ना?

आणि मैदान कुणाचंच ऐकत नाही. २०२४ चा हंगाम सुरू झाला डब्लिनमध्ये, जॉर्जिया टेककडून २४-२१ असा पराभव, आणि फ्लोरिडा स्टेट घसरलं ते थेट २-१० वर जाऊन थांबलं. गटात एकच विजय, तोही कॅलिफोर्नियावर, ज्यांना आत घ्यायला यांनी विरोध केला होता. दुसरं नवखं एसएमयू. नऊ वर्षं टीव्हीच्या पैशातला वाटा सोडायला तयार होऊन ते आत आलं होतं. त्यांनी यांना ४२-१६ हरवलं, गटातले आठच्या आठ सामने जिंकले आणि आता बारा संघांच्या झालेल्या प्लेऑफमध्ये जागा मिळवली. हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर संपादकानं कापलं असतं.

मार्च २०२५ मध्ये तडजोड झाली. टीव्हीच्या पैशातला साठ टक्के भाग आता कुणाचे सामने किती लोक पाहतात यावर वाटला जाणार, पाच वर्षांची सरासरी धरून. चाळीस टक्के समान. बाहेर पडायचं असेल तर २०२६ मध्ये १६ कोटी ५० लाख डॉलर, आणि हा आकडा दरवर्षी १ कोटी ८० लाखांनी उतरत २०३० च्या सुमारास ७ कोटी ५० लाखांवर स्थिरावणार. पैसे भरा आणि आपले हक्क घेऊन जा. सगळे दावे मागे. बिग टेनचा टीव्ही करारही त्याच सुमारास संपतो, हा योगायोग समजायचा की नाही ते तुम्हीच ठरवा.

म्हणजे "प्रेक्षक किती" हाच आता वाट्याचा हिशेब. सामना संघ हरत असतानाही चाहत्यानं टीव्ही चालू ठेवला तर त्याच्या विद्यापीठाला पैसे. ते न्यायमूर्ती व्हाइट आठवतात का?

३० ऑगस्ट २०२५ ला डोक कॅम्बेल स्टेडियममध्ये हंगामाचा पहिला सामना होता. वेळापत्रक कित्येक वर्षं आधीच ठरलेलं, त्यामुळे समोर अलाबामा येणं हा खरंच योगायोग. फ्लोरिडा स्टेट ३१-१७ जिंकलं. शिट्टी झाली आणि लोक कठडे ओलांडून मैदानात उतरले, त्यांतले कित्येक दोन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी शाळेत होते.