तारेपासून कांचतंतूपर्यंत

मराठवाड्याच्या इतिहासांत सुभे, जहागिरी व लढाया यांची नोंद विपुल सांपडते. परंतु एका गांवची वार्ता दुसऱ्या गांवीं कशी पोंचत असे, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. वास्तविक वार्ता कोणास आधीं कळते, यावर पुष्कळदां कोणाची सरशी व्हावयाची हें ठरत असतें.

१८५४ मध्यें मुंबई, आग्रा व कलकत्ता हीं शहरें विजेच्या तारेनें जोडलीं गेलीं, आणि तीनच वर्षांनीं झालेल्या उठावांत तिचा लाभ कंपनी सरकारास मिळाला. परभणीचा मुलूख त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होता. १९०० च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे पूर्णा, परभणी, सेलू या मार्गानें मनमाडकडे गेली, तेव्हां रुळांच्या कडेनें तारेचे खांबही आले. तार स्थानकापर्यंत आली खरी. पण आडबाजूच्या खेड्यांतील शेतकऱ्यास ती भेटे ती बहुधा कोणाच्या मरणाची खबर घेऊनच. तारवाला दारीं दिसला कीं घरांतील बायकांच्या काळजांत धस्स होई.

धातूच्या तारेची जागा पुढें कांचेनें घेतली. पाण्याच्या वांकड्या धारेंतून प्रकाशही वांकून जातो, हें जिनीव्हा येथें कोलाडन यानें १८४१ च्या सुमारास दाखविलें होतें. पंजाबांतील मोगा येथें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं हॉपकिन्स यांच्यासह १९५४ मध्यें कांचेच्या तंतूंच्या जुडग्यांतून चित्र पाठविलें. तथापि साधी कांच प्रकाश फार गिळी. दोष कांचेचा नसून तींतील मळाचा आहे, असें चार्ल्स काव यांनीं १९६६ मध्यें प्रतिपादिलें. एक किलोमीटर अंतरावर शंभरांतील एक हिस्सा प्रकाश उरला तरी काम भागेल, हा त्यांचा हिशेब होता. तो १९७० मध्यें अमेरिकेंत प्रत्यक्षांत उतरला. आपल्या देशांत दूरध्वनिकेंद्रें जोडणारी पहिली प्रकाशतंतूची वाट १९७९ मध्यें पुण्यास सुरू झाली.

पुण्याहून खेड्यांत यावयास या तंतूस फार काळ लागला. देशांतील सुमारें अडीच लक्ष ग्रामपंचायती तालुक्यांशीं जोडण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्यें मंजूर झाली. पुढें तिला भारतनेट हें नांव मिळालें. परभणीच्या ग्रामपंचायतीही त्या संकल्पांत आल्या. जुलै २०१३ मध्यें जुनी तारसेवा कायमची बंद पडली.

हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. तंतूच्या नळीसाठीं साधारणतः १.६५ मीटर खोल चर खणावा लागतो. परभणीची काळी माती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. म्हणून ही खोली राखण्यांत हयगय चालत नाहीं. जोडणी तर त्याहून नाजूक. मूळ तंतु केंसाएवढा. त्याचें वेष्टण सोलावयाचें, तो मद्यार्कानें पुसावयाचा, टोंक अगदीं काटकोनांत कापावयाचें, आणि दोन टोंकें समोरासमोर आणून विजेच्या ठिणगीनें वितळवून एक करावयाचीं. निळा तंतु निळ्यासच व नारिंगी नारिंगीसच जुळला पाहिजे. धुळीचा एक कण मध्यें राहिला तरी प्रकाश अडतो.

तंतु तुटला तर कारागीर एका टोंकांतून प्रकाशाचा ठोका सोडतो. तुटलेली जागा दहा किलोमीटरवर असेल, तर तो ठोका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागांत परत येतो, आणि यंत्र अंतर सांगतें. जागा कळते, पण तेथें जाऊन खणणारा माणूस मात्र लागतोच.

खरा प्रश्न येथेंच आहे. रस्ता रुंद करतांना जेसीबीचा एक दांता लागला कीं सबंध गांव तुटतें. पीकविम्याची मुदत संपत आली असतां किंवा सातबाऱ्याचा उतारा हवा असतां असें घडलें, तर शेतकऱ्यानें तालुक्याची वाट धरावयाची. दिवसाची मजुरी बुडते, कधीं मुदतही टळते. पूर्वीं तार खांबावर डोळ्यांना दिसे, म्हणून ती कोठें तुटली तें गुराख्यासही कळे. कांचतंतु जमिनींत पुरलेला. यास्तव त्याच्या चराचा नकाशा ग्रामपंचायतीच्या दप्तरीं असावा, खुणेचे दगड जागचे हलूं नयेत, आणि कुदळ मारण्यापूर्वीं तो नकाशा पाहण्याची रीत पडावी. विहिरीचा गाळ काढणें जसें गांवानें आपलें मानलें, तसेंच हेंही मानावें.