धरणाकांठचा तळ

शनिवारचा सूर्य मावळतीस लागला, कीं पुण्यामुंबईकडील शेंकडों मंडळी मावळांतील पवना धरणाच्या कांठीं येऊन उतरतात. तुंग आणि तिकोना या गडांच्या छायेंत तंबूंच्या रांगा लागतात, शेकोट्या पेटतात, आणि शहरच्या धकाधकीनें शिणलेलीं माणसें एक रात्र आकाशाखालीं काढून रविवारीं घरीं परततात. हा प्रघात गेल्या दहापंधरा वर्षांत बळावला. परंतु पाण्याच्या आश्रयानें मुक्काम करण्याची रीत या खोऱ्याला नवी नाहीं. नवें आहे तें पाणी. या दोन गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्यावांचून त्या रम्य स्थळाचा इतिहास नीट उमगत नाहीं.

मावळांतील मुक्कामांच्या फार जुन्या खुणा म्हणजे भाजें, बेडसें आणि कार्लें येथील लेणीं. पावसाळा एके ठिकाणीं राहून काढावा, हा बौद्ध भिक्षूंचा नियम. त्या नियमासाठीं दोन हजार वर्षांपूर्वीं कातळ कोरला गेला, आणि विहाराच्या जवळच पाण्याचें टांकेंही खोदलें गेलें. पुढें मराठी फौजांच्या काळांतही तोच न्याय राहिला. घोडा, बैल आणि माणूस यांना पाणी कोठें मिळेल हें पाहूनच डेरे आणि राहुट्या उभ्या होत. पवनमावळावर नजर ठेवणारे लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे चारही गड १६६५ च्या पुरंदरच्या तहांत मोगलांकडे गेले, मराठ्यांनीं ते परत मिळविले, आणि १८१८ सालीं ते इंग्रजांच्या हातीं पडले. इंग्रजी अमलांत साहेबांचे तंबू हिंवाळ्याच्या दौऱ्यावर गांवोगांव पडूं लागले. केवळ मौजेसाठीं किंवा शिक्षणासाठीं उघड्यावर राहण्याची कल्पना त्याहून अलीकडची. बेडन-पॉवेल यांनीं १९०७ सालीं इंग्लंडांतील ब्राउनसी बेटावर मुलांचें शिबिर भरविलें. त्यांतून निघालेल्या बालवीर चळवळीनें ती कल्पना आपल्याकडील शाळांतही पोंचविली.

आतां पाण्याकडे वळूं. सह्याद्रीच्या या भागांत नैसर्गिक सरोवरें जवळजवळ नाहींतच. चार महिने पाऊस कोसळतो आणि तें पाणी पूर्वेकडे वाहून जातें. तें अडवून पश्चिमेकडील कड्यावरून खालीं सोडलें, तर मुंबईच्या गिरण्यांना दूरच्या कोळशाऐवजीं वीज मिळेल, असा विचार जमशेटजी टाटांच्या काळीं निघाला. १९१० सालीं त्यासाठीं कंपनी स्थापन झाली, लोणावळें, वळवण आणि शिरवटा येथें तलाव झाले, आणि १९१५ सालीं खोपोलीचें वीजगृह सुरू झालें. १९२२ सालीं भिवपुरीचें वीजगृह चालूं लागलें.

मुळशीला मात्र हें काम विरोधावांचून झालें नाहीं. मुळेचें पाणी अडवून तें कोंकणांत भिरा येथें उतरवावयाचें, असा बेत होता. आणि त्यासाठीं पन्नासांच्या आसपास गांवांची जमीन पाण्याखालीं जाणार होती. १९२१ सालीं रामनवमीच्या दिवशीं, १६ एप्रिल रोजीं, तेथील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट त्यांचे अग्रणी झाले, आणि ‘सेनापति’ हें बिरुद त्यांना याच लढ्यानें दिलें. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांनींही यासाठीं कारावास पत्करला. परंतु जमिनीची मालकी पुष्कळ ठिकाणीं पुण्यांतील सावकारांकडे होती. त्यांना मोबदला पुरेसा वाटला. कसणाऱ्या कुळाला मात्र रोख रकमेपेक्षां भाताचें खाचर प्रिय होतें. या दोहोंच्या हितविरोधांत लढ्याची फळी दुभंगली. १९२४ अखेर आगगाडी अडविल्याच्या प्रकरणांत बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली, सत्याग्रह मावळला, आणि १९२७ सालीं भिऱ्याचें वीजगृह सुरू झालें.

पवनेचें धरण स्वराज्यांतील. १९७२ सालीं तें पुरें झालें. येथें पाणी कोंकणांत उतरत नाहीं. तें नदीच्याच वाटेनें पिंपरी-चिंचवडकडे जातें आणि त्या नगराची तहान भागवितें. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र अनेक दशकें रेंगाळत राहिला. पुढें हें पाणी नदीऐवजीं बंद नळांतून शहरास न्यावें, अशी योजना निघाली. नदी कोरडी पडेल आणि कांठचीं शेतें सुकतील, या भयानें शेतकरी रस्त्यावर आले. ९ ऑगस्ट २०११ रोजीं बऊर येथें द्रुतगती महामार्गावर पोलिसांचा गोळीबार झाला, आणि त्यांत एक स्त्री व दोन पुरुष असे तिघे मृत्यु पावले. त्यानंतर योजनेला स्थगिती मिळाली.

कोंकणच्या माणसानें ही कथा परक्या मुलखाची म्हणून सोडून देऊं नये. मुळशीचें पाणी भिऱ्याहून कुंडलिकेंत मिसळतें. कोयनेच्या शिवसागराचें पाणी बोगद्यांवाटे पोफळीस येतें आणि वाशिष्ठीबरोबर चिपळूणवरून दाभोळच्या खाडीस मिळतें. कोयनेकांठीं ज्यांचीं घरें बुडालीं, त्यांतील कित्येक कुटुंबें कोंकणांतच नव्यानें वसलीं. घांटावर बुडालेल्या शेतांचें पाणी कोंकणच्या नद्यांत वाहतें, एवढें तरी येथल्या माणसास ठाऊक असावें.

हें सारें ध्यानीं घेऊनही कोणी तळ्याकांठीं तळ देऊं नये, असें कोणी सुज्ञ म्हणणार नाहीं. पवनेकांठचे पुष्कळ तंबू तेथील गांवकरी तरुणच उभारतात आणि पाहुण्यांस पिठलें-भाकरी घालतात. ज्या पाण्यानें बापजाद्यांची जमीन नेली, त्याच पाण्यानें नातवास चार पैसे मिळवून दिले, हेंही थोडें नाहीं. मात्र अनोळखी पाण्यांत उतरण्याच्या उत्साहानें तेथें अनेक तरुण जीवांस मुकले आहेत. कांठ उथळ दिसला तरी खालीं जुन्या नदीचें पात्र आहे, हें पोहणाऱ्यानें विसरूं नये.

मराठींत ‘तळ’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक मुक्कामाची जागा, आणि दुसरा पाण्याचा ठाव. पवनेकांठीं पहिला अर्थ सर्वांना दिसतो. दुसरा पाहावयाचा असेल, तर भर उन्हाळ्यांत जावें. त्या वेळीं पाणी ओसरतें आणि एरवीं वर्षाचे बरेच महिने बुडालेलें वाघेश्वराचें दगडी देऊळ उघडें पडतें. त्या देवळाभोंवतीं एकेकाळीं माणसांची वर्दळ होती. आज कांठावर रात्र काढणाऱ्याला पाणी, वीज आणि विश्रांति या तिन्ही गोष्टी कोणाच्या त्यागावर मिळतात, याचें उत्तर त्या दगडांपाशीं आहे.