आठ्यांवरचं इंजेक्शन आधी डोळ्यांचं होतं

1987 साली कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात एक बाई आपल्या डोळ्यांच्या डॉक्टरांवर चिडल्या. त्यांना ब्लेफरोस्पाझम होता. या आजारात पापण्यांचे स्नायू आखडतात, डोळे आपोआप घट्ट मिटतात आणि नजर शाबूत असूनही माणूस आंधळ्यासारखा चाचपडतो. डॉ. जीन कॅरुथर्स त्यांना पापण्यांभोवती बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं देत असत. या वेळी दोन भुवयांच्या मध्ये का टोचलं नाही, अशी बाईंची तक्रार होती. तिथले स्नायू आखडत नाहीत, असं डॉक्टरांनी समजावलं. पण तिथे टोचलं की चेहऱ्यावरचा ताण उतरतो, हे बाईंच्या केव्हाच लक्षात आलं होतं.

जीन यांनी ही गोष्ट घरी सांगितली. पती ॲलिस्टर त्वचारोगतज्ज्ञ. भुवयांमधल्या उभ्या आठ्यांसाठी तेव्हा जी फिलरची इंजेक्शनं होती, ती दुखत आणि फार काळ टिकतही नसत. दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट सगळ्यांत आधी टोचून घ्यायला तयार झाली. जीन यांनी स्वतःच्या कपाळातही टोचून घेतलं. तरी पेशंट सहज मिळेनात, कारण कपाळात विष टोचून घ्यायचं कोण? 1992 साली त्यांचा शोधनिबंध छापून आला, तो अवघ्या 18 पेशंटांवरचा होता.

विष तर ते होतंच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्ग भागात बिघडलेली सॉसेजेस खाऊन माणसं दगावत. युस्टिनुस केर्नर हा तिथला डॉक्टर आणि कवीही. त्याने त्या विषाचे थेंब स्वतः चाखून लक्षणं टिपली. 1822 च्या पुस्तकात त्याने असंही सुचवलं, की अत्यल्प मात्रेत हेच विष बेफाम झालेल्या नसांना शांत करू शकेल. हे वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो.

ते खरं करून दाखवायला दीडशे वर्षं लागली आणि दाखवलं ते डोळ्यांच्याच डॉक्टराने. सॅन फ्रान्सिस्कोचे ॲलन स्कॉट तिरळेपणावर शस्त्रक्रियेला पर्याय शोधत होते. ओढून धरणारा स्नायू इंजेक्शनने सैल करता आला तर? एडवर्ड शँट्झ यांनी शुद्ध केलेलं टॉक्सिन त्यांनी आधी माकडांवर वापरलं आणि 1980 मध्ये माणसांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. डिसेंबर 1989 मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली, ती तिरळेपणा आणि ब्लेफरोस्पाझमसाठी. नाव होतं ऑक्युलिनम. पुढे ॲलर्गन कंपनीने ते घेतलं आणि त्याचं बोटॉक्स झालं. आठ्यांसाठी अमेरिकेची मान्यता आली थेट एप्रिल 2002 मध्ये.

मी नेत्रविभागात काम करत असताना हे इंजेक्शन भरपूर दिलं. कुपीच्या तळाशी पांढरा थर असतो, दिसतो न दिसतो इतका. त्यात सलाईन सोडायचं, कुपी हलक्या हाताने गोल फिरवायची, खळखळवायची नाही. मग बारीक सुईच्या सिरिंजमध्ये ओढून घ्यायचं. नसेकडून स्नायूला जो रासायनिक निरोप जातो, तोच हे औषध अडवतं. काही दिवसांत स्नायू सैलावतो, तीन-चार महिन्यांनी नस पुन्हा कामाला लागते. आठ्या परततात, त्याही याच कारणाने.

आमच्याकडे एक शिंपीकाका येत. मशीनवर बसले की पापण्या मिटायच्या. एका हाताने पापणी वर धरून दुसऱ्याने ते कापड सरकवायचे. पहिल्या इंजेक्शननंतर आठवड्याभरात त्यांनी सुईत दोरा ओवला. आठ्यांवरच्या उपचाराला मी कमी लेखत नाही, चेहरा थकलेला दिसण्याचं दुःखही खरंच असतं. पण या औषधाच्या इतिहासात व्हँकूव्हरच्या त्या बाईंना आणि काकांसारख्या पेशंटांना पहिलं पान मिळायला हवं, आणि औषध परवडायलाही हवं. आमच्या विभागात 100 युनिटांची एक कुपी एकट्याला झेपत नसे. म्हणून काकांना आणि आणखी दोघांना आम्ही एकाच सकाळी बोलवत असू, म्हणजे कुपीचा खर्च तिघांत वाटला जाई.