तळटीप : ‘नायगावचे मंडळ’
‘नायगावचे मंडळ’ म्हणजे मराठी संशोधन मंडळ. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने १९४८ साली ते स्थापन केले. संग्रहालयाची वास्तू नायगावात आहे. मंडळाचे पहिले संचालक अ. का. प्रियोळकर (१८९५–१९७३) मूळचे गोव्यातील प्रियोळचे. गोमंतकीय माणूस नेमका कोण, हा प्रश्न त्यांनी भावनेवर न सोडता कागदपत्रांपाशी नेला. १५५६ साली गोव्यात आलेल्या छापखान्यापासून सुरू होणारा भारतीय मुद्रणाचा त्यांचा इंग्रजी इतिहास मंडळानेच १९५८ साली छापला. गोव्यातील इन्क्विझिशनवरचा ग्रंथ १९६१चा, म्हणजे गोवामुक्तीच्याच वर्षाचा. १९५१ साली ते कारवारच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. कोकणी ही मराठीचीच बोली, या मतावर ते ठाम राहिले. प्रस्तुत संपादकाला ते मत मान्य नाही. साहित्य अकादमीनेही १९७५ साली कोकणीला स्वतंत्र भाषा मानले. मात्र प्रियोळकरांनी शोधून छापलेली साधने त्या मताहून फार मोठी आहेत. कोकणीच्या बाजूने लिहिणाऱ्या अभ्यासकालाही या साधनांना वळसा घालून पुढे जाता येत नाही. — संपा.